दहा मीटरचं घर

सपना बैसाणे शाळेतून घरी आली तेव्हा तिच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला भोक पडलेलं होतं. लहानसहान नाही, चांगली परात आरपार जाईल एवढं. भोकातून मागचं अंगण दिसत होतं, अंगणातलं लिंबाचं झाड दिसत होतं आणि झाडाखाली तिचा नवरा रविंद्र. अंगभर सिमेंटची धूळ, हातात छिन्नी, आणि चेहऱ्यावर पहिला नंबर आलेल्या पोराचा आनंद.

"थोडक्यासाठी कमी पडत होतं," तो म्हणाला. "आता बरोबर दहा मीटर."

"लोक उजेडासाठी भिंत फोडतात," सपना म्हणाली आणि पर्स ठेवायला जागा शोधू लागली. ओट्यावर विटांचे तुकडे पडले होते.

दहा मीटर कशासाठी, तर मुलीसाठी. वृषाली धुळ्यातच कॉलेजला होती. एनसीसीच्या कॅम्पमध्ये तिच्या हातात रायफल दिली आणि पोरीने असा नेम लावला की सुभेदार दोनदा कागद बघून गेले. मग एअर रायफल घेतली. स्पर्धेत छर्ऱ्याच्या रायफलीचं अंतर दहा मीटर असतं. जवळपास नेमबाजीची सोयीची रेंज नव्हती, आणि रोज जळगावला जाऊन-येऊन कॉलेज कसं व्हायचं? रविंद्र नरडाण्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्स फिटर. मशीनच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखतो असा माणूस. तो म्हणाला, रेंज म्हणजे काय, एक सरळ रेघ. घर आहे की आपलं.

देवपूरच्या टोकाला बांधलेलं त्यांचं घर लांबट होतं. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, सगळं एका रांगेत, आणि मागच्या कोपऱ्यात मोरी. पुढच्या दाराशी वृषाली उभी राहायची. छर्रा मधल्या खोलीतून, स्वयंपाकघरातून, भोकातून बाहेर जाऊन अंगणातल्या पत्र्याच्या पेटीत लावलेल्या कागदावर बसायचा. पेटीच्या आत रविंद्रने जाड लोखंडी प्लेट तिरकी बसवली होती, म्हणजे छर्रा आपटून उलटा न येता खाली वाळूत पडावा. काम चोख होतं, त्यात शंकाच नाही.

पण घरात माणसं राहत होती. सराव सुरू झाला की मागचं दार बंद, लाल दिवा चालू, आणि रेघ कोणी ओलांडायची नाही. स्वयंपाकघर रेघेतच असल्यामुळे त्या वेळात तिथे पाऊल टाकायचं नाही. दोन वर्षांत या घराने गार भाकरी खायची सवय करून घेतली. रविंद्रची आई द्रौपदाबाई मधल्या खोलीच्या कडेला खाटेवर बसलेली असे, आणि तिला नेमकं त्याच वेळी उठायचं असे.

"आते माले मोरीमा जानं शे," ती ओरडायची. "चालू शे का बंद शे?"

"आजी, पाचच छर्रे!"

"तुना पाच छर्रा व्हतस तोवर मी ऱ्हास का नही, काय माहीत!"

वृषाली हसायची, रायफल खाली ठेवायची, आजी रेघ ओलांडून जायची. रविंद्रला मात्र हसू येत नसे. लय तुटली, तो म्हणायचा. मग त्याने आईची खाट मोरीच्या बाजूला हलवली. मग दिवे बदलले, कागदावर सावली पडते म्हणून. मग भिंतीला काळपट रंग दिला, डोळ्याला चमक लागते म्हणून. मग पंखा बंद ठेवायचा नियम केला, कागद हलतो म्हणून. धुळ्याचा मे महिना, अंगात नेमबाजीचं ते जाडजूड जाकीट, आणि पंखा बंद! पोरीच्या कानामागून घामाचे ओघळ जात आणि ती म्हणे, "ठीक आहे पप्पा."

ती "ठीक आहे" म्हणाली की रविंद्रला ऐकू येई, "कमी आहे." मग तो पुन्हा पक्कड घेऊन उठे. कागद पुढे-मागे करायला त्याने सायकलच्या चाकावरून दोरी फिरवली. पुढच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोवरून उजेड परावर्तित होतो असं त्याच्या डोक्यात आलं, तेव्हा मात्र द्रौपदाबाई खाटेवरून उठून उभी राहिली.

"हाऊ फोटो तुना बापनी लायेल शे. याले हात लावानं काम नही."

फोटो राहिला. बाकी घरात जागच्या जागी असं काही राहिलं नाही.

आणि एवढं सगळं करून फळ मिळत होतं, हेच तर खरं दुखणं. घरी वृषाली चारशेपैकी तीनशे नव्वदच्या खाली उतरत नसे. तिच्या मागे स्टुलावर रविंद्र दुर्बीण लावून बसे. छर्रा कागदावर बसला की तो बघायचा, आणि पुढचा भरला जायचा. संध्याकाळी भोकं पडलेले कागद तो हातात घेऊन पुन्हा पुन्हा बघत बसे, जसं कोणी मुलाचं प्रगतिपुस्तक बघावं. राज्याच्या संघात निवड झाली तर पुढे नोकरीची, चांगल्या प्रशिक्षकाची दारं उघडणार होती. ज्युनिअर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. पुण्याला निवड चाचणी होती, आणि पुढच्या वर्षापासून सीनियर गटात देशभरच्या बायकांशी गाठ.

पण जळगावला स्पर्धेला गेली की पोरगी तीनशे सत्तरला येऊन थांबे. घरी नव्वद, बाहेर सत्तर. एकदा झालं तर माणूस म्हणतो, दिवस वाईट होता. पण प्रत्येक वेळी? रविंद्रने स्पर्धेचे कागद मागून आणले. सगळी भोकं काळ्या ठिपक्याच्या वरच्या अंगाला, जणू कोणी रायफल हळूच उचलून धरली होती.

"उजेड," तो म्हणाला आणि घरी येऊन दिवे बदलले. पुढच्या वेळीही वरच. "मग उंची," म्हणून पेटी दोन बोटं खाली घेतली. पुन्हा वरच. त्याचं जेवणात लक्ष लागेना. ताटावरून उठून तो पेटीपाशी जाऊन यायचा, परत बसायचा, पुन्हा उठायचा. सपना म्हणाली, "अहो, ती पेटी काही पळून नाही जात." त्याने ऐकलंही नाही.

कारण सापडलं ते जळगावच्या हॉलमध्ये. वृषालीच्या शेजारच्या मुलीची बाटली लवंडली, झाकण निघालं आणि पाणी सांडलं. मागे प्रेक्षकांत बसलेला रविंद्र त्या पाण्याकडे बघत राहिला. पाणी जागेवरच पसरलं. गोल डबकं झालं आणि तसंच थांबलं, कुठेही गेलं नाही. ते पुसायला कोणीतरी फडकं आणलं तरी रविंद्र बघतोच आहे.

त्याच्या घरात पाणी असं थांबत नव्हतं. थांबूच शकत नव्हतं! लहानपणी गावच्या घरात जमीन खोलगट होती. उन्हाळ्यात दुपारी गारव्याला फरशीवर पाणी मारलं की ते मध्येच साचायचं, आणि द्रौपदाबाई खराट्याने ओढून ओढून बाहेर काढायची. कंबर धरून उभी राहायची. स्वतःचं घर बांधताना रविंद्रने झुलाल मिस्तरीला एकच गोष्ट बजावून सांगितली होती: पुढच्या दाराशी बादली ओतली की पाणी कोणी हात न लावता मोरीत गेलं पाहिजे. झुलालने तसा उतार दिला, भरपूर दिला. पाहुणे आले की रविंद्र मुद्दाम तांब्याभर पाणी ओतून दाखवत असे.

आणि त्या उतारावर त्याची मुलगी दोन वर्षं नेम धरत होती. डावा पाय पुढे, खालच्या अंगाला, उजवा मागे, वरच्या अंगाला. तिच्या कमरेने, खांद्याने, मानेने तो उतार शिकून घेतला होता. सपाट जमिनीवर उभी राहिली की तिचं सगळं शरीर रायफल वर उचलत होतं. दिवे बदलले, रंग बदलला, आईची खाट हलवली, आणि पायाखाली काय आहे ते एकदाही बघितलं नाही! दुसऱ्या कोणाकडून ही चूक झाली असती तर रविंद्रने त्याला चार शब्द सुनावले असते.

पण खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला होता. आनंदच! दुखणं सापडलं होतं आणि त्याच्या हातातलं होतं. येताना एसटीत तो सगळा वेळ बोलत होता, हातवारे करून वृषालीला उतार समजावत होता. "तुझी काही चूक नाही बेटा. फरशीची चूक आहे." ती खिडकीतून बाहेर बघत होती. पारोळा येईपर्यंत ती "हो" एवढंच म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी झुलाल मिस्तरी हातोडा घेऊन दारात.

"उतार ते तूच मांगेल व्हता ना, रविभाऊ," तो फरशीकडे जिव्हाळ्याने बघत म्हणाला. स्वतःच्या हाताने केलेलं काम होतं ते. "आते सपाट मांगी ऱ्हायना. काही एक धर ना."

पुढच्या दाराशी उभं राहायच्या जागेपुरती फरशी उखडली. लेव्हलच्या नळीत पाणी भरून झुलालने दोन्ही टोकं जुळवली, आणि तेवढा चौकोन थाळीसारखा सपाट झाला. पहिले काही दिवस वृषालीचे छर्रे कुठेही जात होते. मग अंग वळणावर आलं आणि एका संध्याकाळी पुन्हा तीनशे नव्वद. रविंद्रने सगळ्या गल्लीला जिलबी वाटली.

पुण्याच्या चाचणीआधी जळगावला एक सरावाची स्पर्धा होती. तिथे वृषालीने तीनशे एकाहत्तर मारले.

आता भोकं वरच्या अंगालाही नव्हती. ती कुठेही होती. एक इकडे, एक तिकडे, मध्येच दोन झकास मधोमध, मग पुन्हा एक भरकटलेलं. रविंद्रने कागद उजेडात धरले, उलटे धरले. त्यातून काही वाचता येईना. बिघाड आहे आणि कुठे आहे ते कळत नाही, यासारखा फिटरला दुसरा नरक नाही. घरी आल्या आल्या, बुटांसकट, तो स्टुलावर चढला आणि मधल्या खोलीतला दिवा खोलायला लागला.

"पप्पा, खाली उतरा," वृषाली म्हणाली.

"एक मिनिट. हा दिवा पिवळा मारतो. हॉलमध्ये पांढरा आहे."

"पप्पा. खाली उतरा."

तिचा आवाज चढला नव्हता. पण स्वयंपाकघरातून सपना दारात येऊन उभी राहिली आणि द्रौपदाबाईने मान वळवली. रविंद्र स्क्रू तोंडात धरून खाली उतरला.

"मी छर्रा सोडला की मागून तुम्ही 'हं' म्हणता," वृषाली म्हणाली. "चुकला की 'च्च' करता. दोन वर्षं झाली. मला कागद बघावाच लागत नाही, तुमच्यावरून कळतं. तिकडे हॉलमध्ये मी छर्रा सोडते आणि वाट बघते. कोणी काही म्हणत नाही. मग पुढचा छर्रा त्या वाट बघण्यात जातो."

रविंद्रने स्क्रू तोंडातून काढला. आपण 'हं' म्हणतो? त्याला माहीतच नव्हतं. त्याने सपनाकडे बघितलं. सपनाने हळूच मान हलवली. हो, म्हणता.

"एवढंच ना!" तो म्हणाला आणि त्याचा चेहरा उजळला. "नाही म्हणणार. संपलं. उभी राहा, आत्ता बघू."

ती उभी राहिली, जाकीट घातलं, नेम धरला. तो मागे स्टुलावर ओठ घट्ट मिटून बसला. छर्रा सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्यानंतर तिने रायफल खाली ठेवली.

"आता तुम्ही 'हं' गिळता. ते पण ऐकू येतं."

"मग काय करू? बाहेर जाऊ?"

तो बाहेर गेला. फाटकाचं बिजागर करकरत होतं, ते त्याने काढायला घेतलं. आत वृषालीने एकही छर्रा सोडला नाही. थोड्या वेळाने ती जाकिटासकट बाहेर येऊन पायरीवर बसली.

"पप्पा, माझा एक छर्रा वाकडा गेला की दुसऱ्या दिवशी या घरातलं काहीतरी तुटतं. भिंत, फरशी, दिवे. आजीची खाट. मम्मीचं स्वयंपाकघर. तुम्ही मला कधी ओरडला नाहीत, मला माहीत आहे. ओरडला असता तर बरं झालं असतं. मला नेम चुकायची भीती वाटते. चुकला की आता काय फोडतील, हेच डोक्यात येतं."

रविंद्रला राग आला. खोटं कशाला बोला, चांगलाच आला. कोणासाठी हे सगळं? स्वतःसाठी? सुट्टीच्या दिवसांचं त्याने काय केलं, कुठलं लग्न बघितलं, कुठली जत्रा बघितली? "ठीक आहे," तो म्हणाला, "नको असेल तर नको. उद्याच उपटून टाकतो सगळं."

"बघा," वृषाली म्हणाली. "पुन्हा तोडायचंच बोलताय."

तो मोटरसायकल काढून निघून गेला. नरडाण्याच्या रस्त्याने बराच लांब गेला. सुट्टी होती, कारखाना बंद होता, तरी गेटपर्यंत जाऊन आला. वाटेत त्याला तिचं एकच वाक्य टोचत होतं, ते भीतीचं. मशीन घाबरत नाही. मशीनचा बिघाड काढताना मशीनला काय वाटेल याचा विचार करायची त्याला कधी गरज पडली नव्हती. आपली पोरगी आपल्याच घरात, आपण तिच्या मागे बसतो म्हणून घाबरत होती, आणि आपण तिच्या पायाखालची फरशी मोजत होतो. त्याला स्वतःची लाज वाटली. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून तो थोडा वेळ नुसता उन्हात उभा राहिला.

परत आल्यावर तो सपनाला म्हणाला, "पुण्याला तू जा तिच्याबरोबर." एवढं बोलायला त्याला किती जड गेलं ते सपनाला दिसलं. पाण्याचा पेला तेवढा तिने त्याच्या हातात दिला.

उरलेले दिवस वृषालीने घरी एकटीने सराव केला. रविंद्र कामावर जाई, आल्यावर कागद मागत नसे. मागत नसे म्हणजे मागावंसं वाटत नव्हतं असं नाही. कपाटात कागदांचा गठ्ठा दिसे आणि त्याचे हात शिवशिवत. एकदा त्याने दार उघडलं, गठ्ठ्याला हात लावला आणि दार पुन्हा लावलं.

चाचणीच्या दिवशी त्याने रजा टाकली होती. सवयीने. घरात तो आणि आई. पुण्यात आत्ता नंबर लागला असेल, आत्ता जाकीट घातलं असेल. तो अंगणात गेला, आला, पुन्हा गेला. द्रौपदाबाईने एकदा बघितलं, दोनदा बघितलं.

"एकजागे ऱ्हाय ना रे भाऊ," ती म्हणाली. "तू आठे चालीसन तठे तिना नेम लागनार शे का?"

दुपारी उशिरा फोन वाजला. वृषालीचाच होता.

"नाही झालं, पप्पा," ती म्हणाली. "तीनशे ब्याऐंशी. पंच्याऐंशीवर थांबली यादी."

तीनशे ब्याऐंशी! बाहेर तिने एवढे कधी मारले नव्हते. आणि तरीही नाही झालं. रविंद्रच्या जिभेवर एकदम सगळं गोळा झालं. बूट कोणते घातले होते? आपल्या आधी कोण होतं? शेवटच्या दहात किती गेले? तीन गुण म्हणजे काय, बेटा, तीन गुण तर आपण सहज... तिकडे हॉलमधले आवाज ऐकू येत होते, कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं. त्याने सगळे प्रश्न गिळले.

"पप्पा?"

"हां. आहे."

"तुम्ही काही म्हणत का नाही?"

"काय म्हणू, बेटा?" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "मला काही सुचत नाहीये. वाईट वाटतंय मला. खूप वाईट वाटतंय."

पलीकडे ती रडायला लागली. मोठ्याने, हुंदके देऊन, लहानपणी पडली की रडायची तशी. दोन वर्षांत ती त्याच्यासमोर एकदाही रडली नव्हती. रडायला वेळच मिळाला नव्हता. डोळे भरून यायच्या आत बापाने कुठला तरी उपाय सुरू केलेला असायचा.

"पुढच्या वर्षी सीनियर गट," ती हुंदक्यातून म्हणाली. "फार अवघड असतो तो, पप्पा."

"असेल," रविंद्र म्हणाला, आणि तिला रडू दिलं.